रिफर्बिश्ड की नवा? संगणकाची उरलेली वर्षे मोजून ठरवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीच्या महाविद्यालयीन अभ्यासासाठी आणि घरातल्या हिशेब-पत्रव्यवहारासाठी एक लॅपटॉप हवा आहे. ठरवलेल्या रकमेत एकीकडे सहाव्या पिढीचा आय-७ प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप) असलेला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला लॅपटॉप मिळतो आहे, तर दुसरीकडे सेलेरॉन हा स्वस्तातला प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती) असलेला कोरा लॅपटॉप. यांपैकी कोणता घ्यावा?

माझे स्पष्ट मत असे की या दोहोंपैकी एकही घेऊ नये. तेवढ्याच रकमेत किंवा तीत थोडी भर घालून आठव्या, आणि मिळाल्यास दहाव्या किंवा अकराव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी वेगवान साठवण) असलेला, कार्यालयीन वापरासाठी बनवलेल्या श्रेणीतला रिफर्बिश्ड लॅपटॉप शोधावा. आणि तसा विश्वासार्ह विक्रेत्याकडे मिळाला नाही, तर थोडे थांबून मध्यम दर्जाचा नवा घ्यावा. हे मत कशावरून बनले ते सविस्तर सांगतो, कारण प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी आपल्यासमोर वेगळीच मॉडेल्स येतील आणि तेव्हा निर्णय आपल्यालाच घ्यावा लागेल.

संगणक दुरुस्तीच्या आणि कार्यालयांसाठी संगणक निवडण्याच्या कामात मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक म्हणजे केवळ किमतीची तुलना. संगणक विकत घेताना आपण खरे तर त्याच्या वापराची उरलेली वर्षे विकत घेत असतो. म्हणून किमतीला त्या वर्षांनी भागावे. चांगल्या नव्या लॅपटॉपची किंमत १०० भाग धरली आणि तो ७ वर्षे वापरता येईल असे मानले, तर दर वर्षाला सुमारे १४ भाग पडतात. त्याच दर्जाचा रिफर्बिश्ड लॅपटॉप ४० भागांत मिळाला, त्यात नव्या बॅटरीसारख्या गोष्टींसाठी १० भाग घातले आणि तो ४ वर्षे चालला, तर वर्षाला साडेबारा भाग पडतात, म्हणजे व्यवहार फायद्याचा झाला. पण विक्रेता त्याच लॅपटॉपचे ६० भाग मागत असेल, तर बॅटरीसह ७० भागांना ४ वर्षे, म्हणजे वर्षाला साडेसतरा भाग झाले. तो नव्यापेक्षा महाग पडला, शिवाय बिघाडाची जोखीम अंगावर आली. त्यामुळे बॅटरीसह सगळा खर्च धरून रिफर्बिश्ड संगणकाला त्याच दर्जाच्या नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त रक्कम देऊ नये, असे मी नेहमी सुचवतो. यात ‘त्याच दर्जाच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत; बाजारातल्या सर्वांत स्वस्त नव्या संगणकाशी तुलना केली तर हिशेब फसतो.

आता उरलेली वर्षे कशी ओळखायची? संगणक निरुपयोगी होतो तो बहुधा मोडल्यामुळे नव्हे, तर त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमला सुरक्षा अपडेट मिळणे बंद झाल्यामुळे. विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्यक्तिगत वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची जी सोय मायक्रोसॉफ्टने तेव्हा जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त अधिकृत सिस्टीमच चालू देणारी सोय) लागते, आणि इंटेलच्या बाबतीत मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासूनचे, एएमडीच्या बाबतीत साधारणपणे रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसरच अधिकृत यादीत आहेत. म्हणजे आपल्याला दाखवलेला सहाव्या पिढीचा आय-७ या यादीत बसतच नाही. अशा संगणकांवर आडमार्गाने विंडोज ११ बसवून विकणारे बरेच विक्रेते आहेत. तो सुरू होतो, चालतोही. परंतु असमर्थित संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षातून एकदा येणारे मोठे अपडेट बऱ्याचदा हाताने, खटपट करून बसवावे लागते. विद्यार्थिनीच्या परीक्षेच्या आठवड्यात हा प्रसंग ओढवू नये.

‘आय-७ आहे’ या वाक्याला ग्राहक फार भुलतात, म्हणून इथे थोडा थांबतो. आय-३, आय-५, आय-७ ही नावे एकाच पिढीतली उतरंड सांगतात. दोन वेगळ्या पिढ्यांमध्ये ती तुलना चालत नाही. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून: आय-७ ६६००यू हा सहाव्या पिढीचा, आय-५ ८२५०यू आठव्या पिढीचा, तर आय-५ १०२१०यू आणि आय-५ ११३५जी७ हे अनुक्रमे दहाव्या आणि अकराव्या पिढीचे. लॅपटॉपमधला आय-७ ६६००यू दोनच कोअरचा, म्हणजे काम करणाऱ्या दोनच गाभ्यांचा आहे. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीत इंटेलने अशा कमी वीज वापरणाऱ्या प्रोसेसरमधले कोअर दोनाचे चार केले, त्यामुळे आय-५ ८२५०यू हा चार कोअरचा आणि एका वेळी आठ धागे (थ्रेड, म्हणजे समांतर चालणारी कामे) हाताळणारा आहे. एकाच वेळी व्हिडिओ तास, ब्राउझरचे पंधरा टॅब आणि लेखनाचा प्रोग्रॅम उघडा असताना हा फरक सहज जाणवतो. शिवाय अकराव्या पिढीपासून एव्ही१ या नव्या प्रकारे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याचे (डिकोडिंगचे) काम चिपमधल्या खास भागातच होते. त्याआधीच्या संगणकात ते काम प्रोसेसरच्या कोअरना करावे लागते, पंख्याचा वेग वाढतो आणि बॅटरी उतरते. म्हणूनच मी आठवी पिढी ही किमान मर्यादा मानतो आणि किमतीत फार अंतर नसेल तर दहावी-अकरावी घ्यायला सांगतो. आठव्या पिढीचा संगणक आजच बराच वापरून झालेला असतो, ही गोष्टही वर्षे मोजताना धरायला हवी.

मॅकच्या बाबतीत रेषा आणखी ठळक आहे. अॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले, आणि इंटेल प्रोसेसरच्या मोजक्या मॅकवर चालणारी मॅकओएस टाहो ही इंटेलसाठी शेवटची आवृत्ती असल्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. त्यामुळे इंटेलचा मॅक कितीही देखणा आणि स्वस्त दिसला तरी नव्याने घेऊ नये. रिफर्बिश्ड मॅक घ्यायचा तर एम१ किंवा त्यापुढचाच. क्रोमबुकला (गुगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपला) प्रत्येक मॉडेलनुसार स्वयंचलित अपडेट बंद होण्याची तारीख असते आणि ती गुगलच्या यादीत पाहता येते. ती न पाहता जुने क्रोमबुक घेणे म्हणजे मुदत न वाचता औषध घेण्यासारखे आहे.

आता त्या कोऱ्या सेलेरॉन लॅपटॉपकडे वळू. नवेपणा ही त्याची एकमेव जमेची बाजू आहे. या किमतीच्या थरात प्रोसेसर बहुधा दोन कोअरचा, ४ जीबी रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली आणि साठवण म्हणून एसएसडीऐवजी ईएमएमसी (मदरबोर्डवरच जोडलेली, मंद आणि स्वस्त साठवण) असते, जी पुष्कळ मॉडेल्समध्ये ६४ जीबीचीच असते. विंडोज ११ ची किमान अट कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशीच आहे, पण किमान अट पूर्ण होणे आणि काम सुखाने होणे यांत मोठे अंतर आहे. सिस्टीम, तिची अपडेट आणि दोन-तीन प्रोग्रॅम एवढ्यानेच ती साठवण भरत येते. मग पुढचे मोठे अपडेट बसवायला जागा उरत नाही. रॅम वाढवता येत नाही, साठवण बदलता येत नाही, आणि पडदा बऱ्याचदा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा, थोडे तिरके पाहिले तरी रंग पालटणारा असतो. असा संगणक पहिल्या दिवसापासूनच मंद असतो आणि त्यावर उपाय नसतो. मर्यादित पैसे घेऊन आलेल्या पालकांच्या गळ्यात नेमका हाच माल पडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. नव्या मालात आणखी एक गोष्ट तपासावी: नवीन क्रमांकाखाली जुनी रचना असू शकते. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ५ ७५२०यू मध्ये एएमडीची २०१९ ची झेन २ रचना आहे. तो प्रोसेसर वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण ‘सात हजार मालिका’ एवढ्यावर विश्वास ठेवून जास्त पैसे देऊ नयेत.

रिफर्बिश्ड बाजारातला चांगला माल येतो कुठून, हे समजले तर निवड सोपी होते. मोठ्या संस्था तीन-चार वर्षांच्या भाडेकराराने किंवा ठरावीक मुदतीने संगणक बदलतात. ते बहुतेक लेनोव्होच्या थिंकपॅड, डेलच्या लॅटिट्यूड किंवा एचपीच्या एलिटबुक अशा व्यावसायिक मालिकांमधले असतात. या संगणकांची बिजागरी, कीबोर्ड आणि सांगाडा घरगुती मालिकांपेक्षा मजबूत असतो, दुरुस्तीच्या पुस्तिका निर्मात्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात, सुटे भाग मुबलक असतात आणि अनेक मॉडेल्समध्ये खालचे झाकण काही स्क्रू काढताच उघडते. नवा असताना जो संगणक आपल्या अंदाजपत्रकात बसला नसता, तो चार वर्षांनी बसतो. याउलट घरगुती श्रेणीचा जुना लॅपटॉप रिफर्बिश्ड म्हणून दिसला तर मी सहसा पुढे जातो, कारण तो नवा असतानाच काटकसरीने बनवलेला असतो. मात्र व्यावसायिक मालिकांतल्या सडपातळ मॉडेल्समध्येही रॅम कायमची जोडलेली असू शकते. थिंकपॅड एक्स१ कार्बन हे त्याचे परिचित उदाहरण. अशा वेळी ८ जीबीवाले मॉडेल सोडून १६ जीबीवालेच घ्यावे, कारण पुढे वाढवायची सोय नाही.

जुन्या संगणकात काय झिजते आणि काय नाही, हे कळले की भीतीही कमी होते आणि फसवणूकही टळते. प्रोसेसर आणि रॅम नेहमीच्या वापराने क्वचितच खराब होतात. झिजते ती बॅटरी, पंखा, बिजागरी, कीबोर्ड, चार्जिंगचा सॉकेट आणि काही प्रमाणात एसएसडी. यांत बॅटरीचा खर्च जवळजवळ ठरलेला असतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ या आदेशापुढे जागा सोडून ‘/बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजीत लिहिले की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता असे दोन आकडे मिळतात. मूळ ५० वॅट-तास आणि आत्ता ३६ असेल तर ७२ टक्के शिल्लक. सत्तरच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत आधीच व्यवहारात धरावी, आणि विक्रेता ‘नवी बॅटरी टाकली आहे’ म्हणत असेल तर ती कोणत्या कंपनीची हे विचारावे. निकृष्ट दर्जाच्या बॅटऱ्या वर्षभरात निकामी होतात. टचपॅड वर उचललेला दिसणे किंवा झाकण नीट न मिटणे ही बॅटरी फुगल्याची खूण आहे, तसा संगणक चालूही करू नये.

एसएसडीची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते: उरलेले आयुष्य टक्क्यांत, एकूण किती लिहिले गेले, किती तास चालू होती. ५०० जीबीच्या साध्या चांगल्या एसएसडीसाठी निर्माते साधारण ३०० टीबी (एक टीबी म्हणजे सुमारे १००० जीबी) लेखनाची हमी देतात. कार्यालयीन वापरात चार वर्षांत त्याचा लहानसा अंशच वापरला गेलेला असतो. म्हणून वापरलेल्या एसएसडीची उगाच धास्ती नको, पण फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असलेला संगणक मात्र एसएसडी बसवल्याशिवाय घेऊच नये.

‘रिफर्बिश्ड’ या शब्दाखाली फार वेगवेगळा माल विकला जातो. संगणक उघडून स्वच्छ करणे, दोषी भाग बदलणे, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) नव्याने लावणे, माहिती पुसून सिस्टीम नव्याने बसवणे आणि ताण देऊन चाचणी घेणे, एवढे झाले असेल तरच तो शब्द सार्थ आहे. पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात बाहेरून पुसून, स्टिकर काढून तोच संगणक पुढे केला जातो. ए, बी, सी अशा श्रेण्या असतात, पण त्यांचा सर्वमान्य असा मापदंड नाही आणि त्या बहुधा बाह्य रूपाबद्दलच असतात. ओरखडे असलेला बी श्रेणीचा संगणक आतून ए श्रेणीइतकाच चांगला असू शकतो. झाकणावरचे ओरखडे चालणार असतील तर तिथे पैसे वाचतात, आणि मी स्वतः तेच करतो. श्रेणीपेक्षा लिखित वॉरंटी आणि परत करण्याची मुदत पाहावी. निर्मात्याने स्वतः रिफर्बिश करून विकलेल्या मालाला सहसा सर्वांत चांगली वॉरंटी असते, उदाहरणार्थ अॅपल एक वर्षाची देते, पण किंमतही जास्त असते. स्वतंत्र विक्रेत्याकडे किमान सहा महिन्यांची वॉरंटी, अनुक्रमांक लिहिलेले बिल आणि काही दिवसांत विनाअट परतफेड, या तीन गोष्टी नसतील तर तो रिफर्बिश्ड नव्हे, सेकंड हॅन्ड संगणक समजावा आणि किंमतही तशीच द्यावी.

दोन छुपे दोष इतके त्रासदायक आहेत की त्यांची वेगळी दखल घ्यायला हवी. पहिला कुलपांचा. संस्थांचे संगणक दूरवरून नियंत्रित करण्यासाठी नोंदवलेले असतात, आणि विकताना ती नोंद काढली नसेल तर सिस्टीम नव्याने बसवून इंटरनेटला जोडताच तो मूळ संस्थेचा ईमेल आणि पासवर्ड मागतो. मॅकमध्ये हीच अडचण अॅक्टिव्हेशन लॉक किंवा रिमोट मॅनेजमेंटच्या रूपाने येते. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) पासवर्ड असेल तर तोही खरेदीपूर्वीच काढून घ्यावा, कारण व्यावसायिक मॉडेल्समध्ये तो नंतर काढणे अतिशय अवघड असते. दुसरा दोष परवान्याचा. व्यावसायिक संगणकाचा मूळ विंडोज परवाना मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो आणि तो सिस्टीम नव्याने बसवल्यावरही आपोआप लागू होतो. पण काही विक्रेते संस्थांसाठीची सामूहिक सक्रियता (अॅक्टिव्हेशन) आडमार्गाने वापरतात, जी १८० दिवसांची असते. विंडोजची सक्रियता कायमची आहे की तिला मुदत आहे, हे ‘एसएलएमजीआर’ आदेशापुढे ‘/एक्सपीआर’ लिहून लगेच कळते. मुदतीची तारीख दिसली तर विक्रेत्याने खरा परवाना दिलेला नाही, असे समजावे.

नवाच घ्यावा अशा परिस्थितीही आहेत. दिवसभर चार्जरशिवाय फिरायचे असेल तर अलीकडच्या प्रोसेसरची काटकसर आणि कोरी बॅटरी यांची बरोबरी जुना संगणक करू शकत नाही. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय आराखडे, मोठे गेम यांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते. असे जुने लॅपटॉप तापून तापून वापरले गेलेले असतात आणि त्यांचा इतिहास कळत नाही, म्हणून तिथे मी जोखीम घेत नाही. एक दिवस संगणक बंद राहिला तर उत्पन्न बुडणार असेल, घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी हवी असेल, किंवा संगणक सहा-सात वर्षे बदलायचाच नसेल, तर नव्याला दिलेली जास्तीची रक्कम सार्थकी लागते. मुलीने अभियांत्रिकी किंवा वास्तुरचनेसारखी शाखा घेतली असेल, तर आधी महाविद्यालयाकडून लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी घ्यावी आणि मगच ठरवावे.

संगणक घरीच एका जागी राहणार असेल तर रिफर्बिश्ड डेस्कटॉपचा विचार अवश्य करावा. त्यात बॅटरी नाही, बिजागरी नाही, आणि तेवढ्याच रकमेत लॅपटॉपपेक्षा वेगवान प्रोसेसर मिळतो. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर हे त्यातले नेहमीचे. मात्र त्यांच्या छोट्या आकाराच्या मॉडेल्समध्ये पॉवर सप्लाय निर्मात्याच्या खास मापाचा असतो आणि वेगळी वीजजोडणी न लागणारे, ७५ वॅटच्या आतले, कमी उंचीचे ग्राफिक्स कार्डच बसते, हे पुढे गेम खेळण्याचा बेत असणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

पर्यावरणाचा मुद्दा आपण विचारलेला नाही, तरीही सांगतो: निर्मात्यांच्या स्वतःच्या अहवालांनुसार लॅपटॉपच्या आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो वापरताना नव्हे, तर बनवताना होतो. म्हणून चांगल्या अवस्थेतला संगणक आणखी चार वर्षे वापरला जाणे ही माझ्या दृष्टीने साधी काटकसर नाही, तर एक जबाबदारीही आहे, आणि दोन पर्याय बरोबरीचे असतील तेव्हा मी तिच्या बाजूने झुकतो.

रिफर्बिश्ड घ्यायचे ठरले तर परतफेडीच्या मुदतीतले दिवस वाया घालवू नयेत. पहिल्याच दिवशी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज घेऊन ते पूर्ण नव्याने बसवावे; जुन्या वापरकर्त्याचे किंवा विक्रेत्याचे काही उरले असेल तर ते जाते आणि कुलूप असेल तर तिथेच उघडकीस येते. त्यानंतर बॅटरीचा आणि एसएसडीचा अहवाल काढून जपून ठेवावा. प्रत्येक यूएसबी पोर्ट, कॅमेरा, मायक्रोफोन, हेडफोनचा सॉकेट आणि कीबोर्डवरची एकेक कळ तपासावी. पडदा पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, मग लाल-हिरवा-निळा करून पाहावा, म्हणजे मेलेले बिंदू आणि कडेने झिरपणारा उजेड दिसतो. तासभर व्हिडिओ कॉल चालू ठेवून संगणक किती तापतो, मध्येच बंद पडतो का, वाय-फाय तुटते का ते बघावे, आणि रात्री झाकण मिटून निद्रावस्थेत ठेवून सकाळी बॅटरी किती उतरली तेही पाहावे. चार्जर मूळ क्षमतेचा आहे ना, हे त्यावरच्या वॅटच्या आकड्यावरून तपासावे, कारण ६५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा दिला असेल तर संगणक चालतो पण ताण पडताच मंदावतो. यांपैकी काहीही खटकले तर मुदत संपण्याआधी, लेखी कळवून, तो बदलून घ्यावा.